सोयिंकांनी नेलेला सांगावा

वोले सोयिंका यांना १९८६ साली साहित्याचं नोबेल पारितोषिक मिळालं. हा मान मिळवणारे ते पहिले कृष्णवर्णीय आफ्रिकी लेखक. तेव्हापासून त्यांचे जे छोटेखानी परिचय छापले जातात, त्यांत तुरुंगवासाच्या वाट्याला बहुधा एखादंच वाक्य येतं: नायजेरियातल्या यादवी युद्धात त्यांनी युद्धबंदीचं आवाहन केलं, म्हणून लष्करी सरकारने त्यांना कोठडीत डांबलं. वाक्य खोटं नाही. पण ते वाचून डोळ्यांपुढे जो शांतिप्रिय कवी उभा राहतो, तो ऑगस्ट १९६७ मधल्या सोयिंकांशी फारसा जुळत नाही. त्या सुमारास हा तेहतीस वर्षांचा नाटककार युद्धरेषा ओलांडून बंडखोर प्रदेशात गेला, तिथल्या एका सेनानीचा सांगावा घेऊन परतला आणि सरकारी फौजेच्या एका वरिष्ठ अधिकाऱ्याच्या कानावर त्याने तो घातला. सांगाव्याचा मतलब असा होता: मला राजधानी लागोसला जायचं आहे, माझ्या फौजेला वाट द्या.

तो पोचवणारा माणूस निव्वळ निरोप्या होता की कटातला भागीदार, हा वाद अर्धशतक उलटलं तरी मिटलेला नाही. तो समजून घ्यायचा तर आधी १९६६ सालात जावं लागतं.

नायजेरिया १ ऑक्टोबर १९६० रोजी स्वतंत्र झाला. उत्तरेत हौसा-फुलानी, पश्चिमेत योरुबा, पूर्वेत इग्बो अशी ढोबळ मांडणी होती, आणि प्रत्येक प्रांताचा पक्ष वेगळा, पुढारी वेगळे. १५ जानेवारी १९६६ च्या पहाटे काही तरुण मेजरांनी उठाव केला. पंतप्रधान अबुबकर तफावा बालेवा, उत्तरेचे मुख्यमंत्री अहमदू बेलो आणि पश्चिमेचे अकिंतोला मारले गेले. उठाव करणाऱ्यांत बहुसंख्य इग्बो होते आणि पूर्वेचे पुढारी मात्र वाचले. उत्तरेने त्याचा अर्थ लावायचा तोच लावला. उठाव फसल्यावर सत्ता हाती घेणारे जनरल इरोन्सी हेही इग्बोच. जुलैच्या अखेरीस उत्तरेकडच्या सैनिकांनी उलटा उठाव केला, इरोन्सींना इबादानमध्ये ठार मारलं आणि याकुबू गोवन राष्ट्रप्रमुख झाले. त्यानंतर उत्तरेतल्या शहरांत इग्बोंच्या कत्तली झाल्या. हजारो मेले, दहा लाखांहून अधिक माणसं असेल त्या कपड्यांनिशी पूर्वेकडे पळाली. जानेवारी १९६७ मध्ये घानातल्या अबुरी इथे दोन्ही बाजू बोलायला बसल्या, पण तिथे ठरलं ते टिकलं नाही. ३० मे १९६७ रोजी पूर्वेचे लष्करी राज्यपाल ओजुक्वू यांनी बायाफ्रा हे स्वतंत्र राष्ट्र जाहीर केलं, आणि ६ जुलैला युद्ध पेटलं.

या युद्धाने नायजेरियाच्या लेखकांची फाटाफूट केली. चिनुआ अचेबे बायाफ्राचे प्रवक्ते म्हणून देशोदेशी फिरले. कवी ख्रिस्तोफर ओकिग्बो यांनी बायाफ्राचा गणवेश चढवला आणि युद्धाच्या पहिल्या काही महिन्यांतच एन्सुक्काच्या आघाडीवर ते मारले गेले. जे. पी. क्लार्क केंद्र सरकारच्या बाजूने राहिले. हे सगळे एकमेकांना ओळखणारे, एकमेकांचं लिखाण वाचलेले लोक. सोयिंका योरुबा. इग्बोंवर झालेला अन्याय त्यांना मान्य होता, फुटून निघणं मान्य नव्हतं, आणि गोवन यांचं लष्करी राज्य तर मुळीच नव्हतं. या दोन्ही नकारांतून त्यांच्या आणि त्यांच्या काही मित्रांच्या डोक्यात तिसऱ्या शक्तीची कल्पना आकाराला आली: अलग राष्ट्रही नको आणि कत्तलींवर पोसलेली हुकूमशाहीही नको, दोन्ही मोडून काढणारी एखादी देशव्यापी आघाडी हवी.

कल्पना म्हणून ती कुणालाही पटेल. अडचण एवढीच की युद्ध सुरू झालेल्या देशात अशी आघाडी उभी करायची तर बंदुका लागतात, आणि बंदुका सैनिकांकडे असतात.

सोयिंकांना बंदुकीचं वावडं नव्हतं, हेही इथे सांगायला हवं. १९६५ च्या ऑक्टोबरात पश्चिम प्रांताच्या निवडणुकीत उघड गैरप्रकार झाले. मुख्यमंत्री अकिंतोलांचं विजयाचं भाषण इबादानच्या नभोवाणी केंद्रावरून प्रसारित व्हायचं होतं. ऐन वेळी पिस्तूलधारी माणूस आत शिरला, त्याने कर्मचाऱ्यांना भाषणाची ध्वनिफीत काढायला लावून आपली लावायला लावली. अकिंतोलांनी चालतं व्हावं, असं श्रोत्यांच्या कानी पडलं. या प्रकरणात सोयिंकांवर खटला चालला. साक्षीदारांच्या जबान्यांतल्या विसंगतींमुळे न्यायमूर्ती कायोदे एसो यांनी त्यांना डिसेंबरात निर्दोष सोडलं. पुढे आठवणी लिहिताना सोयिंकांनी ते कृत्य आपलंच असल्याचं लपवलं नाही. असा माणूस युद्धाच्या काळात केवळ लेख लिहून थांबेल, हे संभवतच नव्हतं.

लेखही त्यांनी लिहिलाच. लढाई थांबवा, नंतर एकत्र राहायचं आहे याचं भान ठेवा, असं त्यांनी वर्तमानपत्रातून बजावलं. बाहेरच्या देशांनी दोन्ही पक्षांचा शस्त्रपुरवठा तोडावा म्हणून विचारवंतांचा दबावगट उभारण्याची त्यांची खटपट चालू होती. त्याच ओघात ते गुपचूप बायाफ्राच्या राजधानीत, एनुगूला गेले आणि ओजुक्वूंना भेटले. तिथेच त्यांची गाठ लेफ्टनंट कर्नल व्हिक्टर बांजो यांच्याशी पडली.

बांजो हे या कथेतलं सगळ्यांत गुंतागुंतीचं पात्र. ते योरुबा होते, इंग्लंडमधल्या सँडहर्स्टच्या लष्करी विद्यालयात शिकलेले, सैन्याच्या विद्युत आणि यांत्रिकी विभागाचे पहिले नायजेरियन प्रमुख. जानेवारी १९६६ च्या उठावानंतर ते इरोन्सींना मारायला आले होते, अशा संशयावरून त्यांना अटक झाली आणि पूर्व प्रांतातल्या तुरुंगात ठेवलं गेलं. युद्धाचे ढग जमू लागले तेव्हा ओजुक्वूंनी त्यांना बाहेर काढलं. एका योरुबा अधिकाऱ्याच्या हाती फौज दिली तर पश्चिमेतल्या योरुबांना बायाफ्रा हा केवळ इग्बोंचा मामला वाटणार नाही, हे गणित त्यामागे असावं. बांजोंचं गणित मात्र वेगळं होतं. त्यांना बायाफ्रा नको होता. त्यांना लागोस हवं होतं, आणि लागोसमार्गे नवा नायजेरिया.

९ ऑगस्ट १९६७ च्या पहाटे बांजोंची फौज ओनित्शाचा पूल ओलांडून नायजर नदीपलीकडे गेली. समोर होता मिडवेस्ट प्रांत, ज्याने तोवर या युद्धात कुणाची बाजू घेतली नव्हती. तिथल्या पलटणींत इग्बो अधिकाऱ्यांचा भरणा असल्याने प्रतिकार असा झालाच नाही आणि दिवस मावळायच्या आत बेनिन शहर हाती आलं. पुढे ओरे, ओरेच्या पुढे इबादान आणि लागोसचे रस्ते. केंद्र सरकारच्या दृष्टीने तो सबंध युद्धातला सर्वांत भीतीचा पंधरवडा होता.

अशा वेळी पश्चिम प्रांत काय करतो, यावर सगळं अवलंबून होतं. योरुबांचे नेते अवोलोवो यांनी मे महिन्यात सूचक इशारा दिला होता की पूर्वेला फुटू दिलंत तर पश्चिमही थांबणार नाही. पण जूनमध्ये ते गोवन यांच्या मंत्रिमंडळात अर्थखातं सांभाळू लागले. वरून पश्चिम सरकारच्या पाठीशी होता, आतून लोक उत्तरेच्या सैनिकांच्या तळांवर चिडलेले होते. या प्रांताची लष्करी सूत्रं तेव्हा इबादानमध्ये ज्यांच्याकडे होती, त्यांचं नाव लेफ्टनंट कर्नल ओलुसेगून ओबासांजो. ओबासांजोही योरुबा, सोयिंकांच्याच आबेओकुटाकडचे. सांगावा त्यांच्यासाठी होता.

दोघं इबादानमध्ये भेटले, हे दोघांनाही मान्य आहे. बांजोंच्या फौजेला लागोसपर्यंत मोकळी वाट द्यावी, असा निरोप सोयिंकांनी दिला, हेही दोघं मान्य करतात. ओबासांजोंनी ते नाकारलं, याबद्दलही दुमत नाही. एखाद्या कटाच्या इतिहासात एवढी सहमती दुर्मीळच म्हणायची. वाद सुरू होतो तो यापुढे.

सोयिंकांच्या सांगण्याप्रमाणे ओबासांजोंचं उत्तर दुटप्पी होतं. आपली निष्ठा लागोसशी आहे, असं ते म्हणाले, आणि त्याच दमात असंही सुचवलं की जो कुणी लागोस घेईल त्याच्याशी आपली निष्ठा राहील. म्हणजे, जिंकून या, मग बघू. ओबासांजोंचं पुस्तक १९८० साली आलं, त्याआधीच ते देशाचे प्रमुख होऊन गेले होते. त्यात त्यांनी स्वतःला शपथेला जागणारा शिपाई म्हणून उभं केलं. आपण वरिष्ठांना सगळं कळवलं, असं त्यांचं म्हणणं. सोयिंकांच्या २००६ सालच्या आठवणींत हा प्रसंग त्यांच्या बाजूने पुन्हा विस्ताराने आला. पुढे २०१४ मध्ये ओबासांजोंनी तीन खंडांचं आत्मचरित्र काढलं आणि सोयिंकांची राजकीय समज कच्ची असल्याचं लिहिलं. सोयिंकांनी त्यांना सरळ खोटारडे म्हटलं. एव्हाना दोघंही म्हातारे झाले होते आणि त्या सांगाव्याची साक्ष देऊ शकणारे बांजो तर युद्धाच्या तिसऱ्याच महिन्यात गेलेले.

बांजो गेले कसे, ते थोडं थांबून सांगायला हवं, कारण सोयिंकांवरचा आरोप त्याच्याशी जोडला जातो. बेनिन घेतल्यावर फौज जितक्या वेगाने पुढे सरकायला हवी होती तितकी सरकली नाही. बांजो बेनिनमध्ये थांबले. नभोवाणीवरून त्यांनी केलेलं भाषण बायाफ्राचा विजय सांगण्याऐवजी सबंध नायजेरियाच्या मुक्तीची भाषा बोलत होतं. इकडे गोवन यांना मुर्तला मोहम्मद यांच्या हाताखाली नवी डिव्हिजन उभी करायला उसंत मिळाली. ओरेला बायाफ्राची फौज अडली, मग मागे रेटली गेली, आणि २० सप्टेंबरला बेनिन पुन्हा केंद्राच्या हातात आलं. दोनच दिवसांनी, २२ सप्टेंबर १९६७ रोजी, एनुगूत बांजोंना गोळ्या घालण्यात आल्या. आरोप असा की ब्रिटिश मुत्सद्द्यांमार्फत लागोसशी संधान बांधून ते ओजुक्वूंनाच उलथून टाकणार होते.

त्यांच्याबरोबर आणखी तिघे मारले गेले: कामगार चळवळीतले फिलिप अलाले, परराष्ट्र सेवेत काम केलेले सॅम अग्बाम आणि मेजर इमॅन्युएल इफेजुना. इफेजुना हे नाव नायजेरियाने तेरा वर्षांपूर्वी डोक्यावर घेतलं होतं. १९५४ साली व्हँकुव्हरच्या राष्ट्रकुल स्पर्धेत या मुलाने एकाच पायात बूट घालून ६ फूट ८ इंच उंच उडी मारली आणि सुवर्णपदक जिंकलं. आंतरराष्ट्रीय स्पर्धेत सुवर्ण मिळवणारा तो पहिला कृष्णवर्णीय आफ्रिकी खेळाडू. पुढे तो शिक्षक झाला, मग सैन्यात गेला, आणि जानेवारी १९६६ च्या उठावात लागोसची कामगिरी त्याच्याकडे होती. एका पिढीची हुशारी, धाडस आणि घाई एका माणसात पाहायची असेल तर इफेजुनाचं आयुष्य पाहावं. तो मेला तेव्हा पस्तिशीही गाठलेली नव्हती.

आता आरोपाकडे. इथे दोन कट आहेत आणि बहुतेक लिखाणात त्यांची गल्लत होते. पहिला कट लागोसचं गोवन सरकार पाडण्याचा. दुसरा, एनुगूतल्या ओजुक्वूंना हटवण्याचा. सोयिंकांचा संबंध दिसतो तो पहिल्याशी. दुसरा शिजला असेल तर सप्टेंबरात, आणि सोयिंका ऑगस्टमध्येच पोलिसांच्या ताब्यात होते. तरीही तिसऱ्या शक्तीच्या मूळ कल्पनेत गोवन आणि ओजुक्वू या दोघांनाही जायचंच होतं. अलगपणा संपवायचा म्हणजे ओजुक्वूंची सत्ता संपवायची, हे बांजोंना उमगलं असेल तर सोयिंकांना उमगलं नसेल, असं मानणं म्हणजे त्यांच्या बुद्धीचा अपमान आहे. एनुगूच्या कटात त्यांचा हात होता याला पुरावा नाही, पण त्या कटाच्या मुळाशी असलेला विचार त्यांचाही होता.

केंद्र सरकारने काय केलं? ऑक्टोबर १९६७ मध्ये माहिती खात्याचे आयुक्त अँथनी एनाहोरो यांनी पत्रकारांना सांगितलं की सोयिंकांनी कबुली दिली आहे: बायाफ्रासाठी लढाऊ विमानं मिळवून द्यायला आणि सरकार उलथवायला आपण तयार झालो होतो. सोयिंकांनी तुरुंगातून चोरून पत्र बाहेर पाठवलं आणि ही कबुली बनावट असल्याचं कळवलं. त्यानंतर त्यांची रवानगी उत्तरेत कादुनाला, एकांतकोठडीत झाली. एनाहोरो स्वतः १९६३ साली राजद्रोहाच्या खटल्यात शिक्षा झालेले, ब्रिटनमधून पकडून आणलेले राजकीय कैदी. निदान त्यांना खटला तरी मिळाला होता. सोयिंकांना तेवढंही मिळालं नाही. आरोपपत्र नाही, न्यायाधीश नाही, वकील नाही. एनाहोरोंनी तो आरोप वाचून दाखवावा, ही गोष्ट मला या प्रकरणात सर्वांत जास्त बोचते.

कादुनाच्या कोठडीत पुस्तकं आणि कागद मिळू नयेत, असा बंदोबस्त होता. सोयिंकांनी शाई स्वतः बनवली. लिहायला पृष्ठभाग मिळेल तो वापरला: शौचालयाचा कागद, सिगारेटची पाकिटं, आणि हाती लागलेल्या मोजक्या पुस्तकांच्या छापील ओळींमधली रिकामी जागा. त्यात मानववंशशास्त्रज्ञ पॉल रॅडिन यांचं आदिम धर्मावरचं पुस्तक होतं आणि त्यांचा स्वतःचा एक कवितासंग्रहही. दोन कविता बाहेर पोचल्या आणि १९६९ साली लंडनमध्ये पुस्तिकेच्या रूपात छापल्या गेल्या. त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात, दोन वर्षांहून अधिक काळानंतर, ते सुटले. ‘द मॅन डाइड’ हे तुरुंगाचं पुस्तक १९७२ साली आलं. कोठडीतल्या मनाचे हाल त्यात जसे उतरले आहेत तसे फार थोड्या पुस्तकांत उतरले असतील. बांजोंची बाजूही सोयिंकांनी तिथे हिरिरीने मांडली. पण एनुगूत आणि इबादानमध्ये नेमकं कोण काय बोललं, याचा पुरता तपशील वाचकाला आणखी तीन दशकांनी, २००६ च्या आठवणींत मिळाला. अनेक सहकारी १९७२ मध्ये देशातच राहत होते आणि सत्ता लष्कराकडेच होती, हे त्याचं कारण समजण्यासारखं आहे. परिणाम मात्र असा झाला की मधल्या काळात ओबासांजोंची बाजू एकटीच पुस्तकात छापलेली राहिली.

सोयिंकांना निर्मळ शांतिदूत ठरवणारे आणि बायाफ्राचे हस्तक ठरवणारे, दोघंही एक गोष्ट टाळतात, असं मला वाटतं. ती म्हणजे मिडवेस्ट. तिसरी शक्ती कागदावर कुणाच्याच बाजूची नव्हती, पण प्रत्यक्षात ती बायाफ्राच्या बंदुका घेऊन एका तटस्थ प्रांतात शिरली. त्या प्रांताची किंमत कुणी मोजली? सप्टेंबरात केंद्राची फौज बेनिनला परतली तेव्हा तिथल्या इग्बोंना शोधून मारण्यात आलं. मग फौज असाबाला पोचली. नायजरच्या काठावरचं हे इग्बो गाव. ७ ऑक्टोबरला गावकऱ्यांनी समारंभात नेसायची पांढरी वस्त्रं नेसली आणि ‘एक नायजेरिया’ अशा घोषणा देत, नाचत-गात ते सैनिकांच्या स्वागताला रस्त्यावर आले. सैनिकांनी बायका वेगळ्या काढल्या. पुरुष आणि मुलगे एकत्र केले आणि मशीनगन चालवल्या. त्या दिवसांत गावात मेलेल्यांचे अंदाज पाचशेपासून हजारापर्यंत जातात. गोळ्या घालणारे केंद्राचे सैनिक होते, पाप त्यांचंच. पण दोन महिन्यांपूर्वी ज्या वाटेने बांजोंची फौज गेली, ती वाट असाबातून जात होती. तिसऱ्या शक्तीचा हिशेब मांडताना हे गाव बाजूला ठेवता येत नाही. सोयिंकांनी असाबाचं काही वाईट चिंतलं असेल, असं कुणी म्हणू नये. पण राजकारणात उतरलेल्या विचारवंताला केवळ हेतूंवर तोलायचं आणि सेनानीला परिणामांवर, हा भेद मला मान्य नाही.

म्हणून माझं मत सरळ सांगतो. सोयिंका निव्वळ निरोपे नव्हते. युद्ध चालू असताना एका फौजेला वाट द्या, असा सांगावा दुसऱ्या फौजेच्या अधिकाऱ्याकडे नेणारा माणूस त्या डावातला खेळाडूच असतो, आणि ते स्वतःही कधी यापेक्षा कमी काही म्हणाले नाहीत. त्यांना युद्धबंदीचं पत्रक काढणारा कवी एवढंच ठरवणं म्हणजे त्यांचा धोका आणि त्यांची जबाबदारी, दोन्ही पुसून टाकणं. ते बायाफ्राचेही हस्तक नव्हते, कारण त्यांना हवा असलेला देश बायाफ्राच्या नकाशात मावत नव्हता. त्यांनी पत्करलेला मार्ग चुकला. ज्या सेनापतीवर त्यांनी विश्वास टाकला त्याच्याकडे स्वतःची म्हणावी अशी फौजच नव्हती. होती ती ओजुक्वूंनी दिलेली, आणि ती ओजुक्वूंनीच काढून घेतली. पण ज्या दोन पर्यायांना त्यांनी नकार दिला, त्या पर्यायांनी पुढच्या अडीच वर्षांत उपासमारीने आणि गोळ्यांनी दहा लाखांहून अधिक माणसं मारली. काही अंदाज तीस लाखांपर्यंत जातात. नकार बरोबर होता.

युद्ध १५ जानेवारी १९७० रोजी संपलं. शेवटच्या टप्प्यात बायाफ्राची आघाडी मोडणाऱ्या केंद्राच्या डिव्हिजनचे प्रमुख होते ओबासांजो. पुढे ते १९७६ ते १९७९ राष्ट्रप्रमुख आणि १९९९ ते २००७ निवडून आलेले राष्ट्राध्यक्ष झाले. वोले सोयिंका यांच्यावर ऑगस्ट १९६७ मधल्या कृत्यांसाठी एकाही न्यायालयात कधीच खटला चालला नाही.